स्थानिक नाव

परळीच्या अंगाला, गडाखालच्या कड्यावर
सर पोटावर पडून डोकं बाहेर काढायचे
आणि आम्ही त्यांचे पाय धरायचो.
डावा मी, उजवा प्रयोगशाळेतला जालिंदर.
"सात," सर मोजायचे. "आठ. नाही, ते शेवाळ."

तिथं माती म्हणजे चिमूटभर,
कातळाच्या फटीत वाऱ्यानं आणून टाकलेली.
तेवढ्यात ती मूळ धरून लोंबत होती,
बोटाएवढी जाड, हिरवट-करडी.
बघणारा निवडुंगच म्हणेल,
पण काटा नाही, एकसुद्धा.
शेळीचं तोंड पोचत नाही
एवढंच काय ते कुंपण.

फूल पाच टोकांचं,
वाळलेल्या रक्ताच्या रंगाचं, वर पिवळे फराटे,
हळद लावता लावता कुणी मधेच उठून गेल्यासारखे.
मी नाक खाली नेलं.
"आपल्यासाठी नाही तो वास," जालिंदर म्हणाला,
"माश्यांसाठी आहे."

शेळ्या घेऊन बायडाबाई आली, वाकून बघितलं.
"ही व्हय? शिंदळमाकुडी."
आणि पदर तोंडाला लावून हसली.

सरांचं लॅटिन नाव लिहून झालं होतं, उंची, उतार,
कड्याची दिशा, सोबतची गवतं.
'स्थानिक नाव' या रकान्यापाशी पेन थांबलं.
"असं कसं हो नाव?" सरांनी विचारलं.

"कसं म्हंजे?
पावसाळ्यात पानं, उन्हाळ्यात उघडी.
ऱ्हायाची जागा बगा, कुनाच्या हाताला लागत न्हाई.
अशीला गाव दुसरं काय म्हनंल?"
एक शेळी कडेला गेली होती,
तिला हाळी देऊन ती परत वळली.
"लिवा की. मला बी त्येच म्हनत्यात.
मी कुटं मेले?"

खाली उरमोडीचं पाणी चकाकत होतं.
सरांनी पेनाला टोपण लावलं.

ती वही आता माझ्या कपाटात आहे.
रकाना कोरा,
पेन टेकलं होतं तिथं एक निळा ठिपका.
त्या वर्षी एकोणीस झाडं. यंदा अकरा,
माझे पाय दोन मुलींनी धरले होते
आणि एकीला सारखं हसू येत होतं.

उतरताना परळीत विचारलं,
बायडाबाई कुठं राहते? शेळ्यावाली?
कुणाला सांगता येईना.

दुसरं नाव मी घेतलं नाही.
त्या नावानं ओळखलं असतं बहुतेक.