शोध, दर महिना : शून्य

भुसावळ. मे. रात्रीचे साडेअकरा,
आणि भिंतीला अजून पाठ टेकवत नाही.
तक्त्यात एकशे बारा ओळी झाल्यात :
योगाची चटई, केसगळती, कॉफीचं यंत्र,
कुत्र्यांच्या गाद्या, गेम खेळायची खुर्ची.
प्रत्येकीपुढे मी एकच शब्द लिहिलाय, भरलेलं.
एसटीत चढावं
आणि खिडकीतून आधीच कुणीतरी
सगळ्या सीटांवर रुमाल टाकून ठेवलेले असावेत, तसं.

कोर्सचा मास्तर म्हणायचा,
नीश लहान हवी, पण भुकेली हवी.
साडेचार हजार फी, त्यात हे एवढं एक वाक्य कामाचं.
ते ऐकताना मला सावद्याच्या बाजारातली
गिरजाबाई आठवली होती.
ती फक्त दाभणं विकायची.
पोती शिवायची दाभणं, तीन मापांची, गोणपाटावर ओळीनं.
भाजीवाले घसा फोडायचे, ही तोंड उघडायची नाही.
ज्याचं पोतं उसवलंय
तो तिला हुडकत यायचा.

साडेबाराला कूलरनं दगा दिला.
पंखा फिरतोय, मोटर गुणगुणतेय,
पाणी काही वर चढेना.

सकाळी मोटर पिशवीत घालून
फिरकेकाकांच्या टपरीवर गेले.
माझ्यापुढे अकरा माणसं, अकरा पिशव्या.
माझी पाळी आली. काकांनी पिशवी उघडलीसुद्धा नाही.
“मोटर जयेल नई. जायीत खार बसेल हे.
लिंबूसत्वाच्या पान्यात रातभर टाक अन् लाव.”
पैसे? हातानंच नको म्हणाले.

मी गेले नाही.
शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून
लोक काय विचारतात ते वहीत उतरवत राहिले,
कानामात्रा न बदलता :
हूऽऽ करते पन पानी नई फेकत
गवताले वास येऊन राहिला
बोअरच्या पान्यानं किती दिवस टिकते
दुपारपर्यंत चार पानं.

घरी येऊन एकेक वाक्य यंत्राला विचारलं.
शोध, दर महिना : शून्य.
स्पर्धा : शून्य.
त्याला जाळी माहीत आहे, जायी माहीत नाही.
केळी समजते, केयी म्हटलं की गप्प.
त्या शून्यात
सेहेचाळीस अंशांतली अकरा माणसं उभी होती,
हातात पिशव्या घेऊन.

एकच पान लिहिलं.
मथळा वहीतला, जसाच्या तसा.
खाली तीन मोटरींचे दुवे,
विकल्या तर शेकडा चार माझे.
मग अडले.
लिंबूसत्व पहिल्या ओळीत सांगितलं
तर मोटर घेतंय कोण?
शेवटी सांगितलं
तर तोवर बोट दुव्यावर पडलेलं असेल.
मास्तर म्हणाला असता, सांगतेस कशाला?
तीन वाजेपर्यंत वाक्य खालीवर करत बसले.
बादलीत माझी मोटर भिजत होती,
पाण्यावर पांढरे पापुद्रे तरंगत होते.
वर लिहिलं :
थांबा. नवी मोटर घेऊ नका.

मे संपेस्तोवर दोन हजार एकशे चाळीस लोक वाचून गेले.
दुव्यावर सात जण.
कमाई अकरा रुपये चाळीस पैसे.
तपशील उघडून बघितला,
मोटर एकानंही घेतली नव्हती.
कुणीतरी दुव्यावरून आत शिरलं, इकडेतिकडे फिरलं,
आणि उंदराचा पिंजरा घेऊन गेलं.

काकांना सांगितलं तेव्हा मला हसू आवरत नव्हतं.
ते हसले नाहीत.
स्क्रू दातांत धरून म्हणाले,
“मंग? हिवायात उंदीर
कूलरच्या गवतातच पिलं घालतो.
वायर बी तोच कुरतडतो.”
स्क्रू काढला, माझ्याकडे बघितलं.
“वही आनली का?”