आखरीचा नळ

फारम घेऊन आली एक पोरगी, यवतमाळच्या कालेजातली.
म्हने, काका, तुम्ही दोघांच्याही हाताखाली काम केलं,
मंग सांगा, कारभार कोनाचा बरा,
मान्साचा का बाईचा?
एक ते पाच. गोल करा.

मी पानी सोडतो, माय. सव्वीस वर्सं झाले.
माह्या खिशात पेन नसते,
व्हॉल्वची चावी असते.

तरी लिही.
गुनवंतराव ढोक खुर्चीवरून बोले.
मे महिन्यात मोटार जळली, त्यानं एक फोन लावला,
दिवस बुडायच्या आत जीपमंधी नवी मोटार.
गाव म्हने, मर्द गडी.
हे खोटं नाही. हे पहिलं लिही.

पंचफुलाबाई मडावीच्या टायमात जळली
तं अकरा दिवस लागले.
अर्ज, आवक नंबर, पंचायत समितीच्या पायऱ्या.
साहेब म्हने, मिस्टरले पाठवा.
थे तिथंच बसली, फडकं सोडलं,
त्याच्या टेबलासमोर भाकर खाल्ली.
त्या अकरा दिवसांत गाव तिले जे बोललं
थे तुह्या फारमात मावत नाही.

खेकसते थे बी. माह्यावर तं रोज.
एका बिलावर चुकीची सही केली तिनं,
अन् ग्रामसभेत उभी राहून सांगतलं, चुकली मी.
ढोकानं काय कमी केल्या असतीन?

पन निवडून आली त्याच आठवड्यात
पहाटे साडेचारले माह्यासंग हिंडली.
म्हने, आखरीचा नळ कोनाचा?

मी गप.
कोनं इचारलं नव्हतं कधी,
अन् खरं सांगू, मी बी पाह्यला नव्हता.

पार कोलाम पोडावर, लिंबाखाली,
एक तोटी. वाकडी.
तिच्यात गांधीलमाशीनं घर केलं होतं.

दुसऱ्या दिवशीपासून म्हने
चावी तिकडून फिरव.
ढोकाच्या गल्लीनं महिनाभर मले चहा पाजला नाही.

काका, मंग किती नंबर लिहू?

टाइम झाला, माय. तुही गाडी इथंच राहू दे,
पायी जाय पोडावर, लिंबाखाली उभी राह्य.
पहिले नुसती हवा येईन, फुसफुस करीन तोटी.
जाऊ नको.
घड्याळ आहे ना हातात?
मोज, किती वेळ लागते.
मी इकडून सोडतो.