कार्य : अज्ञात

रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर एक जनुक आहे.
नाव नाही त्याला. चार अक्षरं, मग आकडा,
बारसं राहून गेलेल्या पोरासारखं.

तांबट लेनमधून वडनेरे आलेत लेकीला घेऊन.
बोटांच्या पेरांत काळं, हाताला चिंचेचा वास.
"हे नेमकं करतं काय?"

मी पाठकोऱ्या कागदावर पेशी काढते:
केंद्रकाला बिलगलेलं, घडीवर घडी पडलेलं जाळं,
त्याच्या पातळ पडद्यात हे प्रथिन रुतलेलं,
आरपार चारदा, असा अंदाज.
दार आहे? राखण करतं? की नुसता टाका?
नाशकातच काय, म्हणते, जगात कुणाला फारसं ठाऊक नाही.

ते कागद उजेडात धरतात,
हंड्याचा तळ बघावा तसा.
"मठारताना आम्ही
गळ्याखाली एक ठोका जास्तीचा देतो.
कशाला, ते बापानं सांगितलं नाही.
एकदा मी गाळून पाहिला."

मग?

खाली गंगापूर रोडवर हॉर्न.
वडनेरे कागदाची घडी घालतात,
घडीची घडी.
"हंडा अगदी तसाच दिसायचा.
दोन वर्षांनी गिऱ्हाईक परत घेऊन आलं."

दाराशी शर्वाणी
चपलेचा पट्टा लावतेय,
तिसऱ्यांदा.