भाड्याच्या दोन सायकली

माझ्या वहीतलं त्यांचं पान मी अजून फाडलेलं नाही.
वर लिहिलंय, दोन सायकली, महिन्याच्या भाड्यानं.
खाली नाव, मत्तियास.
त्याच्या खाली, तुवा.

नाव ऐकून पुनाजीबुवा खोकला येईपर्यंत हसले होते,
"तुवा म्हनजे तूच ना गा! आमच्या भजनात रोज येते."
तिनं मला विचारलं, काय म्हणतात.
मी जमेल तसं सांगितलं, तुझं नाव म्हणजे 'तू'.
देवाला म्हणतात तसं.
ती म्हणाली, मग मला हाक मारली
की देव वळून बघतो का?

स्वीडनचे. तलाव शिकायला आलेले.
आमचा तलाव कॉलेजात शिकवतात
हे गावाला काही पटेना.
पोरं म्हणाली, खाली सोनं असंन.
ते दोघं मात्र पाळीवर उकिडवे बसून
तुडूम कोणतं, सलंग कुठली, विचारत राहायचे,
ढिवरांच्या डोंग्यातून खुणेच्या काठीनं पाणी मोजायचे,
आणि दिवेलागणीला चिखलाच्या पायांनी माझ्या दुकानात.
पंक्चर असो, नसो.

जानेवारीत आम्ही शेकोटीला, कानाला मफलर,
हा अर्ध्या बाहीत, शीळ घालत.
मे महिन्यात फिटंफाट झाली.
दार लावून दुपारभर ओल्या चादरीखाली दोघं,
आणि घरमालकीण कौतिकाबाई दर तासाला
खिडकीतून बघून जायची, श्वास चालू आहे ना.

सारस बघायला एकदा बारा किलोमीटर गेले.
सारस नव्हता.
पिशवीभर शिंगाडे घेऊन आले
आणि हात काळे करून घेत माझ्या बाकावर सोलत बसले.

त्याच बाकावरून तिनं वर पाहिलं.
बांबूवर ओळीनं टांगलेले जुने टायर.
पाहतच राहिली.
तिच्या आजीच्या घरी, म्हणाली, भाकरी अशाच टांगायचे,
मधोमध भोक पाडून, छताखालच्या दांडीला,
हिवाळाभर पुरायच्या.
वीस वर्षांत पहिल्यांदाच
दुकानात उभ्या उभ्या भूक लागली मला.

मंडईच्या रात्री नाटकाला नेलं त्यांना.
मत्तियास पहिल्याच अंकात तणसावर आडवा.
ती पहाटेपर्यंत ताठ.
तिसऱ्या अंकात भाऊ घर सोडून जातो
तिथं नाक पुसलं तिनं माझ्या गमछाला.
एक शब्द कळत नव्हता.
परतताना विचारलं, शेवटी तो येतो का घरी?
मी म्हणालो, येतो.
खरं म्हणजे शेवटाला मीपण झोपलो होतो.

भांडलेसुद्धा.
एका संध्याकाळी ती एकटीच, उतरलेल्या साखळीची सायकल ढकलत.
मी साखळी चढवली. ती गेली नाही.
पंप उचलला, ठेवला, उचलला.
अर्ध्या तासानं तो आला, त्याच्या चाकात भरपूर हवा,
तरी म्हणाला, हवा भरायची आहे.
मी भरली.
चाक दगडासारखं होईपर्यंत भरत राहिलो,
पाठ त्यांच्याकडे करून.
मागं काय बोलले ते त्यांच्या भाषेत.
वळलो तेव्हा तिचा हात त्याच्या कॅरिअरवर होता.
पाच रुपये वहीत लिहिलेच नाहीत.

गेले तेव्हा महिना अर्धा उरलेला,
भाडं मात्र पूर्ण भरलेलं.
नको म्हणालो तर मत्तियास म्हणाला,
तेवढे दिवस सायकलींना सुट्टी दे.
दिली.
पंधरा दिवस दोघी भिंतीला टेकून होत्या,
हँडलमध्ये हँडल अडकवून.

सप्ताहात 'तुवा' आलं
की माझा हात अजून पान्याकडे जातो.
पुनाजीबुवा टाळ न थांबवता डोळा मारतात.

सायकली आता पोरं नेतात.
तिच्या सायकलची सीट मी खाली केलेली नाही.
काल भगवानचा पोरगा कुरकुरला,
"पाय पुरत नाई गा, काका."
म्हटलं, मग वाढव ना बापा
पाय.