शेरा

रामबागेत आमच्या फाटकासमोर
आत्यानं तिपाई मांडली तेव्हा सकाळचे साडेपाच.
गुरुत्वमापी तिनं पेटीतून काढला
विरजण लावलेल्या पातेल्यासारखा,
श्वास धरून.

चौऱ्याऐंशीतही इथेच मांडला होता,
दक्षिणेला निघायच्या आधी.
समोरच्या मुळ्येकाकू दारात येऊन म्हणाल्या,
"काय मोजून राहिली गं शरयू?"
"वजन."
"कोणाचं?"
"जमिनीचं."
"मग, वाढलं का?"

त्यानंतर सात उन्हाळे तिनं तिकडे काढले,
म्हणजे आमचे सात हिवाळे,
लग्नसराई आणि गराडूचे दिवस.

ती वही मी पाहिली आहे.
ठाणं, वेळ, आकडा,
आणि कडेला अरुंद रकाना: शेरा.
'शाई गोठली. पुढे पेन्सिल.'
'डाव्या हाताची दोन बोटं कळत नाहीत.'
'खाली नऊशे मीटर बर्फ, त्याखाली बहुधा दरी.'
ठाणं एकेचाळीस:
'आई गेल्याची तार. एकोणीस दिवसांची जुनी.'
त्या ओळीतला आकडा
सबंध वहीत सगळ्यात नेमका निघाला.
हे ती आपणहून सांगत नाही.
विचारलं तर म्हणते, त्या दिवशी वारा पडला होता.

यंत्रातली स्प्रिंग हळूहळू सैलावते,
म्हणून जिथून निघालो तिथे परतून मोजायचं
आणि पडलेला फरक
मधल्या सगळ्या ठाण्यांवर वाटून टाकायचा.
त्याच संध्याकाळी. फार तर आठवड्यात.
"चाळीस वर्षांचा फरक कोणी काढत नसतं,"
ती स्वतःच म्हणाली, हसली,
आणि स्क्रू फिरवत बुडबुडा मध्यावर आणत राहिली.

यंत्र ते नाही.
रस्ताही तो नाही. सिमेंटचे थर चढत गेले,
आमची पायरी हातभर खाली राहिली.
टेप लावून तिनं उंची घेतली: बेचाळीस सेंटिमीटर.
"एवढी दुरुस्ती करावी लागेल."
गुडघ्यावर हात टेकून उठली, पुन्हा बसली.

शेऱ्याचा रकाना तिनं आकड्याआधीच भरला होता:
'समोरचं घर बंद.'

मग डोळा भिंगाला.
भिंगातली रेघ थरथरत होती.
कचऱ्याची गाडी गाणं वाजवत कोपऱ्यावर वळली,
मागून वाळूचा ट्रक.
"जाऊ दे तो," आत्या म्हणाली.
ट्रक गेला.
दुसरा आला.