बर्फ पडेपर्यंत

मंगळवार, गुरुवार, शनिवार
सिडोनी नातोमागन माझ्या यंत्राला हात देते
आणि चार तास तिचं रक्त बाहेर फिरून येतं.
"कुत्र्याला नेतात तसं," म्हणते.

प्रिन्स अल्बर्टच्या या वॉर्डात कुणाला ठाऊक नाही
की हिची पाच पुस्तकं आहेत.
मलाही नव्हतं.
फॉर्मवर 'व्यवसाय'पुढे तिनं लिहिलं : मासे कापणे.
खोडून : खोटं बोलणे.
तेही खोडून, नाइलाजानं : लेखिका.

पहिली कादंबरी मासळी-कारखान्याच्या पावत्यांमागे,
रात्रपाळीत, एकाच हाताचा मोजा काढून.
टोरांटोहून संपादकाचं पत्र आलं :
हस्तलिखिताला वास येतो.
आणि खाली : पुढचे भाग पाठवा.

मग दुसरं पत्र.
चाळिसाव्या पानावरचा हा शिकारी
साठाव्या पानावर ती कशी झाली?

क्रीमध्ये 'तो' नाही, 'ती' नाही.
"इंग्रजीत लिहिताना," ती सांगते,
"दर वाक्याला कुणाला तरी कपडे घालावे लागतात."
मी म्हणालो, माझ्या भाषेत तर तीन :
दगड तो, नदी ती, झाड ते.
"आणि दगड जिवंत असतो का?"
मी नळीतला बुडबुडा बघत राहिलो.
"आमच्यात असतो. रास्पबेरी असते. स्ट्रॉबेरी नसते.
का, ते मला विचारू नकोस."

शाळेबद्दल एकच वाक्य,
तेही हवापाण्याबद्दल बोलावं तसं :
"तिथे साबण फार होता."
पाचही पुस्तकांत ती शाळा नाही.
समीक्षकांना हे खटकलं.
"नऊ वर्षं घेतली त्यांनी. आता पानंही द्यायची?"

लिपी शिकली ती सुट्टीत, मावशी एमेरान्सकडून,
पिठाच्या रिकाम्या पोत्यावर, कोळशानं.
एकच खूण : वर तोंड केलं की एक स्वर,
उजवीकडे वळली की दुसरा.
मी तिला बाराखडी काढून दाखवली.
आमचं अक्षर जागचं हलत नाही,
वेलांटीच त्याच्या डोक्यावरून घसरत खाली येते.
"आळशी आहेत तुमची अक्षरं," ती म्हणाली,
आणि इतकी हसली की यंत्रानं दाब वाढल्याची नोंद केली.

पाचवं पुस्तक हिवाळ्यातल्या गोष्टींचं.
त्या सांगायच्या बर्फ पडल्यावरच.
प्रकाशकानं समारंभ ठेवला जूनमध्ये.
ती गेली. नवे बूट घालून गेली.
माइकपाशी उभी राहिली, खिडकीबाहेर पाहिलं,
म्हणाली, "बर्फ नाहीये,"
आणि खाली बसली.
लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हीच गोष्ट.
त्यानंतर कुणी करार पाठवला नाही.

अकरा वर्षं तिनं दवाखान्याची व्हॅन चालवली,
सरोवराकाठच्या म्हाताऱ्यांना
याच वॉर्डात, याच खुर्च्यांवर आणून सोडलं.
वाट बघताना स्टिअरिंगवर वही टेकवून काही लिहायची.
आता भाचा चालवतो. फार जोरात चालवतो, तिची तक्रार.

ऑक्टोबरभर मी विचारत होतो,
वहीत काय आहे?
ती खिडकीकडे बोट करायची. बाहेर कोरडी पार्किंग,
एक कावळा, एक चिप्सची पिशवी.

गुरुवारी रस्ता बंद. तिची खुर्ची रिकामी.
मी उगाचच नळ्या धुतल्या दोनदा.

शनिवारी आली, टोपीवर पांढरं घेऊन,
पाय सुजलेले, श्वास लागलेला.
सुई टोचताना हूं की चूं नाही.
मग म्हणाली, "दिवा कमी कर,"
आणि मोकळ्या हातानं खिशातून
मुठीएवढा दगड काढून ट्रेवर ठेवला, कापसाशेजारी.
"हाही ऐकणार आहे."

दुसऱ्याच वाक्याला यंत्र बोंबललं.
मी बटण दाबलं.
पलीकडच्या खुर्चीतला म्हातारा तोंड वळवून बसला, कान आमच्याकडे.
दगड जागचा हलला नाही.