क्रेनवाल्याचा हिशेब

मला शिल्पातलं कळत नाही.
मला वजनातलं कळतं.
गुम्री गावात सदतीस वर्षं हुक खाली-वर करतोय,
दोर ताणला की दंडाला समजतं
खाली लटकलंय ते खरं, की नुसता आव.

यंदा कला अकादमीतून तीन मुली बाहेर पडल्या.
नगरपालिकेनं त्यांना तीन कोपरे दिले
आणि मला तीन दिवस,
डिझेल माझंच.

पहिल्या दिवशी न्वार्दच्या पायऱ्या.
पाच. कुठंच न जाणाऱ्या.
काळा तुफ, ज्वालामुखीचा दगड, आमच्याकडं घरंही त्याचीच.
सगळ्यात खालची पायरी आरशासारखी घोटलेली,
वर जावं तसा दगड दांडगा होत गेलेला,
पाचवीवर तर छिन्नीचे घाव जसेच्या तसे.
मी म्हटलं, पोरी, वरचं काम राहिलंय.
ती म्हणाली, मामा, उलटं आहे.
पहिल्या वर्षी भीती वाटायची सगळ्यांची,
म्हणून घासत बसायचे.
चौदाशे किलो. लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आर्पेनिकचं.
काय आहे ते मला विचारू नका,
मीही तिला विचारलं नाही.
मोज्यांचा कारखाना बंद पडला
तेव्हा तिची आई तिथं सुया बदलायची.
त्याच यंत्रांचं लोखंड, तुकड्याला तुकडा डागून
उभं केलेलं वाकलेलं काहीतरी,
बाई म्हणा, झाड म्हणा, पाठीकडून उघडं.
कागदावर नऊशे किलो.
मी नऊशेच्या बेतानं ओढलं
आणि ते रिकाम्या घागरीसारखं झपकन वर!
कसाबसा ब्रेक लागला. तोंडाला कोरड.
खालून ती ओरडत होती,
मामा, सांगायचं राहिलं,
चार वर्षं आत भरतच गेले होते,
शेवटच्या हिवाळ्यात सगळं काढून टाकलं!
वारा सुटला की आतून मागांची घरघर ऐकू येते म्हणे.
मला नाही आली.
मला रिकाम्या पाइपाची आली. तीही वाईट नव्हती.

तिसऱ्या दिवशी शोघिक.
ही मधे दोन वर्षं दिसेनाशी झाली होती,
बाळंतपण, मग बेकरीतली रात्रपाळी.
हातावर भट्टीचे डाग आहेत, छिन्नीचेही,
आता कुठला कशाचा तिलाही सांगता येत नाही.
तिनं केलंय पाणी पिण्याचं कारंजं.
गुलाबी दगड, मधे एक खळगा, बस्स.
आमच्याकडं कारंजं गेलेल्या माणसाच्या नावानं बांधतात,
म्हणून जो तो विचारतोय, नाव कुठाय?
नाव नाही, म्हणते.
आणि इतकं बुटकं का?
माझ्या लेकीचं तोंड पुरावं म्हणून.

तीनशे वीस किलो. काहीच नाही.
पण कोपरा पाहिला आणि माझा हात दांड्यावर थांबला.
अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात
इथं शाळा होती.
मी चोवीस वर्षांचा, नुकताच परवाना मिळालेला,
ह्याच जागी उभा राहून
अकरा दिवस स्लॅब उचलले.
तेव्हाचं वजन कुठंच लिहिलेलं नाही.

शोघिकचा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी.
तिला कुणी सांगितलं असेल, नसेल.
मी सांगितलं नाही.
तिनं हात हलवला, जरा डावीकडं, मामा, जरा,
बस्स, सोडा,
आणि मी आयुष्यात इतक्या हळू
काही खाली ठेवलं नव्हतं.
मागं ट्रकवाला हॉर्न वाजवत राहिला.

उद्घाटनाला महापौर बोलले, बँड वाजला,
एका पत्रकारानं मला विचारलं, तुमचं आवडतं कुठलं?
मी म्हटलं, दोर बदलायला झालाय.

कारंज्याला अजून पाणी आलेलं नाही.
पालिका म्हणते पुढच्या आठवड्यात.
मी दोनदा जाऊन आलो.
काल कुणी नव्हतं,
गुडघे टेकले, तोंड खळग्याशी नेऊन पाहिलं.
उंची बरोबर आहे.